सुम्माकसाठी माणूस

वदादने तो गळपट्टा अबू नबीलच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळला. पट्ट्याला आतून लोखंडी दाते होते. टोकं घासून बोथट केलेली, पण दातेच. दुसऱ्या हाताने तिने पट्टा ओढला.

"उम् वाएल, तो तुमच्यासाठी नाहीये," तिला मुलाच्या नावाने हाक मारत अबू नबील म्हणाला.

"कळलं मला ते." तिने आणखी जरा ओढलं. मग पट्टा सोडवून मनगट त्याच्यासमोर धरलं. कातडीवर लाल ठिपक्यांची रांग उठली होती. "दुखत नाही म्हणालात."

"कुत्र्याची कातडी जाड असते."

"गळ्याचीसुद्धा?"

अबू नबीलने चहाचा पेला खाली ठेवला. तो सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. सरहद्दीवरची हुंगणारी कुत्री त्याने तयार केली होती, आणि अम्मानमधल्या कुठल्याही बाईने आजवर त्याच्यासमोर असा पट्टा स्वतःच्या हाताला लावून पाहिला नव्हता. जरा दुखावल्या सुरात, पण अदबीने तो म्हणाला, "बाईसाहेब, कुत्र्याला एकच गोष्ट कळते. मालक कोण. ते एकदा डोक्यात शिरलं की पुढे काही करावं लागत नाही."

"आजवर जेवढी शिकवलीत तेवढी सगळी सुधारली?"

"एकूण एक."

वदादने मान हलवली. जबल लुवैबदेच्या चौकात तिचं औषधांचं दुकान होतं, आणि ते विकून टाकेपर्यंत सगळ्यांना लागू पडणारं औषध घेऊन येणारे विक्रेते तिने पुष्कळ पाहिले होते. त्यांना ती चहा पाजायची आणि बाटली मागच्या फळीवर ठेवून द्यायची.

सुम्माक स्वयंपाकघरात कोंडलेला होता. परका माणूस येऊन चहा पिऊन झाला, तरी दाराआडून हूं की चूं नव्हतं. निघताना अबू नबीलने त्या दाराकडे पाहिलं. "शांत आहे की बिचारा."

"हो," वदाद म्हणाली. "चावायच्या आधी असाच असतो."

भाजलेल्या कोंबडीवर भुरभुरायच्या सुम्माक नावाच्या आंबट मसाल्याच्या पुडीसारखा त्याचा तांबूस-विटकरी रंग. वदादच्या नवऱ्याने, इल्यासने, करकच्या रस्त्यावरच्या एका मोरीतून त्याला उचलून कोटाच्या खिशात घालून आणलं होतं. मुलगा वाएल तेव्हा दुबईहून सुटीवर आला होता. त्याने बाटलीने दूध पाजून त्याला जगवलं. मग इल्यास गेला. घरात वदाद आणि सुम्माक उरले, आणि हळूहळू त्या घरात कुणी येईनासं झालं.

या हिवाळ्यात बर्फ पडलं त्या सकाळी वदाद अंगणाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. शेजारचे उस्ताज हिकमत, गणिताचे निवृत्त मास्तर, तिचा आवाज ऐकून घरातल्या सपातांवरच धावत आले. त्यांनी तिला उठवायला हात पुढे केला आणि सुम्माकने त्यांचं मनगट धरलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही, दात विचकले नाहीत. सरळ धरलं. मग कितीतरी वेळ वदाद बर्फात पडलेली, हिकमत चार हातांवर मनगट दाबून बसलेले, आणि दोघांच्या मध्ये सुम्माक उभा, असं ते चित्र राहिलं. शेवटी वदाद कठडा धरून स्वतःच उठली.

"टाके पडले त्याचं मला काही नाही," हिकमत नंतर कुंपणापलीकडून म्हणाले होते. "पण सित्त वदाद, पुढच्या खेपेला घोटा नसेल, काळीज असेल, आणि आम्ही इथून नुसतं बघत बसू. ईस्टरपर्यंत काहीतरी करा. मी नगरपालिकेला फोन करणार नाही. पण माझी बायको करायला लागली तर तिला अडवणारही नाही."

बोलणं सरळ होतं. पण त्याच आठवड्यात त्यांनी अबू नबीलला धाडलं, तेव्हा वदादच्या मनात आलं, एवढी घाई कशाला? तिच्या बदामाच्या झाडाची एक फांदी त्यांच्या गाडीवर झुकलेली होती, आणि त्या फांदीवरून त्यांचं नि इल्यासचं कधीकाळी वाजलं होतं. कुत्रा गेला की रात्री कुणीही येऊन फांदी छाटू शकतं. हे तिला सुचलं, आणि सुचल्यावर मनातून जाईना.

संध्याकाळी वाएलचा फोन आला.

"यम्मा, तू उगाच इकडची तिकडची माणसं बोलावू नकोस. राफतला फोन कर. विमानतळाच्या रस्त्याला त्याचा मळा आहे. तो कुत्र्याला घेऊन जातो, शांत करतो."

"आणि परत आणून देतो?"

"म्हणजे काय. देणारच ना."

"किती दिवसांनी?"

"लागतील तेवढ्या. तोपर्यंत तू इकडे ये. खोली तयार आहे तुझी. खिडकीतून समुद्र दिसतो."

"तू कसा ओळखतोस त्याला?"

"मित्राचा मित्र."

"बघू," वदाद म्हणाली. दुबईचा विषय निघाला की ती हाच शब्द वापरायची. त्यात नकार नसायचा, म्हणून वाएलला तो होकाराच्या जवळचा वाटायचा.

तिसरं नाव लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. जानसेत. शर्कसी जमातीची आहे, वादी सीर भागातली, मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची, असं त्या म्हणाल्या. जानसेत आली ती फाटकाची घंटा वाजवेना. बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली आणि पिशवीतून संत्र काढून सोलायला लागली. वदाद पडद्याआडून बघत राहिली. कुणाची वाट बघतेय, की घर हेरतेय? शेवटी तिने खिडकी उघडली.

"कोण पाहिजे?"

"तुम्हीच, खाला. पण घाई नाही. त्याला आधी माझा वास येऊ दे."

चाळिशीतली बाई, रुंद खांद्यांची, हनुवटीवर जुन्या जखमेची पांढरी रेघ. वदाद अंगणात आली, सुम्माकला साखळीने झाडाशी बांधलं आणि फाटकाच्या अलीकडे उभी राहिली. जानसेतने उठून आत यायची काही हालचाल केली नाही. कुत्र्याकडे तिने पाहिलंही नाही. बसल्या जागेवरून ती विचारत राहिली. घरात कोण कोण येतं? तुम्ही कुठल्या खोलीत झोपता? तो कुठे झोपतो? शेवटचे पाहुणे कधी जेवायला आले होते? घरात मोठ्याने कोण बोलतं?

"तुम्ही कुत्र्यासाठी आलात की स्थळ घेऊन?" वदाद म्हणाली.

जानसेत हसली. "गुरगुरतो का तो?"

"नाही. तेच तर. काही कळतच नाही."

"कधीच गुरगुरत नव्हता?"

"पूर्वी गुरगुरायचा. इल्यास म्हणायचा, पाण्याचा पंप सुरू झाला बघ."

"मग कधी बंद झालं?"

"नवरा गेल्यावर."

"नक्की?"

नक्की नव्हतं. इल्यास वसंतात गेला, आणि त्या उन्हाळ्यात गॅसची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की सुम्माक फाटकाशी उभा राहून गुरगुरायचा, हे तिला स्पष्ट आठवत होतं. "शरदापासून असेल," ती म्हणाली.

"कुणी गप्प केलं त्याला?"

"कुणी नाही. घरात मी एकटी असते."

"गुरगुरणं आपोआप जात नाही, खाला. ते कुणीतरी काढून घेतं. मग कुत्र्याकडे दातच उरतात."

वदादला ते आवडलं नाही. घरी आलेली बाई पायरीवर बसून तिला तिच्याच घरातलं सांगत होती. "तुमच्या हाताखालची सगळी सुधारतात का?" तिने विचारलं. हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची.

"नाही," जानसेत म्हणाली. सालं गोळा करून तिने पिशवीत टाकली. "आता मी एक विचारू? तो चावायचा थांबला, तर या फाटकातून सगळ्यात आधी कोण आत येईल?"

वदादच्या डोळ्यांसमोर जो माणूस आला तो हातात खोकी घेऊन आला, भिंतीवरची चित्रं उतरवायला लागला, आणि तो वाएल होता. तिने फाटकाची कडी उगाचच पुन्हा सरकवली.

"कळवते तुम्हाला," ती म्हणाली. "बघू."

राफतचा मळा एकदा बघून तरी यावा असं वदादने ठरवलं, आणि न्यायला हिकमतच तयार झाले. टॅक्सीवाले कुत्रा घेत नव्हते. "मागे घेऊन बसा त्याला," ते म्हणाले. "तोंडाला मुसकं घाला, आणि मुसक्याला आणखी एक मुसकं घाला. गाडी चालवायला माझा एकच हात उरलाय."

सुम्माक मागच्या सीटवर वदादच्या मांडीला टेकून बसला. शहर मागे पडलं, ट्रक लागले, मोकळी पिवळी जमीन लागली, तोवर तो काचेला नाक लावून बाहेर बघत होता. गाडी डांबरी रस्ता सोडून मातीच्या वाटेला वळली. वाटेच्या तोंडाशी निळ्या रंगाची पत्र्याची टाकी होती. ती दिसल्याबरोबर सुम्माक सीटवरून खाली घसरला आणि पायांपाशी, जिथे मांजरही मावलं नसतं, तिथे अंग चोरून गेला. वदादच्या बुटांना ओल लागली.

"काय झालं?" हिकमतनी आरशातून विचारलं.

"काही नाही. मुतलाय."

राफत फाटकातच भेटला. इस्त्रीचा शर्ट, अदबीचं बोलणं, हातात पाण्याची बाटली तिच्यासाठीच आणलेली. सुम्माक गाडीतून उतरायला तयार नाही हे पाहून तो मनाला लावून न घेता म्हणाला, "नवी जागा आहे, खाला. पहिल्या दिवशी सगळेच असं करतात. राहू दे त्याला, तुम्ही आधी जागा बघा."

जागा बघण्यासारखी होती. सिमेंटच्या स्वच्छ धुतलेल्या खोल्या, जाळीची दारं, प्रत्येक दाराशी पाण्याचं भांडं. जाळीमागे कुत्री होती. उंच, बुटकी, काळी, लांडग्यासारखी. वदाद त्यांच्यासमोरून चालत गेली. आपल्याच बुटांचा आवाज आपल्याला ऐकू येतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती थांबली. एवढी कुत्री, परकी बाई समोरून चाललेली, आणि एकही भुंकत नव्हतं. काही तिच्याकडे बघतही नव्हती. ती कुत्री भिंतीकडे बघत होती.

"शिस्त," राफत म्हणाला.

"दिसतेय."

"तुमच्या वाएलभाईंनी सगळं सांगितलंय मला. तुम्ही काळजीच करू नका. निवांत दुबईला जा."

वदादने त्याच्याकडे पाहिलं. दुबईचं ती कुणाशी बोलली नव्हती.

ती गाडीपाशी परतली तेव्हा रबरी नळीने अंगण धुणारा एक म्हातारा इजिप्शियन गडी मागच्या काचेवर हाताची झापड धरून आत वाकून बघत होता. त्याच्या दाढीत हसू होतं.

"अरे सुम्माक," तो काचेतून म्हणाला. "तू परत आलास होय, गाढवा?"

राफतने त्याला हाक मारली. गडी नळी उचलून लगबगीने निघून गेला. तिने राफतचे आभार मानले, पाण्याची बाटली न उघडता त्याच्या हातात दिली, आणि मागचं दार स्वतः लावून घेतलं.

गाडी डांबरी रस्त्याला लागली. मग हिकमत म्हणाले, "त्याला नाव कसं ठाऊक?"

"मला काय विचारता?"

"मी काही विचारलं नाही. मी गाडी चालवतोय."

गेल्या शरदात वाएलने तिला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुबईला नेलं होतं. तेवढे दिवस सुम्माक बासेलकडे आहे, वाएलच्या शाळेतल्या मित्राकडे, असं त्याने सांगितलं होतं. बासेलकडे मोठं अंगण आहे, मुलं आहेत, मजेत आहे तो. ती परतली तेव्हा सुम्माक आला आणि मुकाट्याने तिच्या पायाशी बसला. गॅसची गाडी गाणं वाजवत गेली तरी हलला नाही. ती फोनवर वाएलला कौतुकाने म्हणाली होती, बघ, किती शहाणा झालाय. हे आठवल्यावर वदादने गाडीच्या खिडकीची काच थोडी खाली केली.

रात्री वाएलने विचारलं, "कशी वाटली जागा?"

"स्वच्छ आहे."

"मग?"

"बघू."

तिने त्याला काहीच विचारलं नाही. वाढवलं होतं तिने त्याला. फोनवर विचारलं असतं तर तो आधी खोकला असता, मग नेटवर्क गेलं असतं, आणि परत लागेपर्यंत त्याच्याकडे उत्तर तयार असतं. सुम्माकला तिने ओल्या फडक्याने पुसलं. गळ्यापाशी, दाट केसांच्या खाली, हाताला दोन कडक गाठी लागल्या. समोरासमोर, बटणाएवढ्या. त्या तिला पूर्वीही लागल्या होत्या. गोचिडाच्या असतील असं तिला वाटलं होतं. औषधांच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला असं वाटलं होतं.

सकाळी तिने जानसेतला फोन केला.

जानसेत पुन्हा पायरीवर बसली. वदाद या वेळी फाटक उघडून तिच्याशेजारी जाऊन बसली, आणि रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं. मळा, गडी, गळ्यावरच्या गाठी. मुलाचं नाव घेताना ती अडखळली, आणि "घरच्यांनी" म्हणाली.

"विजेचा पट्टा," जानसेत म्हणाली. "आवाज काढला की झटका. लवकर शिकतात."

"आता?"

"आता त्याला पुन्हा बोलतं करायचं. चावायचं बंद करणं नंतर."

"म्हणजे गुरगुरायला शिकवायचं? लोक गुरगुरणं घालवायला माणूस ठेवतात."

"म्हणून तर माझ्याकडे गिऱ्हाइकं कमी," जानसेत म्हणाली.

शिकवणं असं डोळ्याला दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. रोज सकाळी वदाद उकडलेल्या कोंबडीचे तुकडे वाटीत घेऊन अंगणात बसायची. सुम्माकच्या गळ्यात नरम कापडी पट्टा आणि लांब दोरी. फाटक उघडं. कुणीतरी परका रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहायचा, आणि त्याने काहीही करायचं नाही. त्या परक्याचं काम हिकमतनी घेतलं. कपाळाला आठ्या घालून, पण घेतलं. ते आपल्या जुन्या ओपेलला टेकून वर्तमानपत्र वाचायचे. "एक मनगट गेलंय," ते पलीकडून सांगायचे. "दुसरं बायकोला दाखवायला ठेवा." वदाद त्यांच्याकडे आणि मग झाडाच्या फांदीकडे बघायची. फांदी होती तिथेच होती. बदामाचा बहर झडून त्यांच्या गाडीच्या टपावर पांढरा थर बसला होता, आणि तो थर हिकमत पुसतही नव्हते.

जानसेत वदादलाच जास्त बोलायची. दोरी सैल सोडा. श्वास धरू नका. तुम्ही त्या माणसाकडे असं बघता, जणू तो चांदीची भांडी उचलायला आलाय. मग कुत्र्याने काय समजायचं?

"मला माणसं अशीच दिसतात," वदाद म्हणाली.

"दिसू द्या. दोरी सैल सोडा."

एका सकाळी हिकमत वर्तमानपत्राची घडी करून रस्ता ओलांडायला निघाले. रस्त्याच्या मध्यावर आले, पुढे आले, आणि कुठूनतरी एक आवाज सुरू झाला. वदादला आधी वाटलं पाणी आलं, गच्चीवरच्या टाकीचा पंप कुणीतरी लावला. मग तिने खाली पाहिलं. सुम्माकचं अख्खं अंग त्या आवाजाने थरथरत होतं, कान मागे गेले होते, आणि तो तिच्याकडे बघत होता. आता मार बसणार अशा डोळ्यांनी.

"गप्प करू नका," जानसेत हलकेच म्हणाली. "उस्ताज, मागे व्हा. सावकाश."

हिकमत एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक. आवाज बारीक होत थांबला. सुम्माक तसाच उभा राहिला. काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही, गळ्यात काही पेटलं नाही. त्याने पुढचे पाय ताणले, जांभई दिली, आणि वदादच्या हातातला तुकडा घेतला. वदादने वाटी खाली ठेवली, घरात गेली, नळ सोडून बराच वेळ तोंड धुतलं आणि बाहेर आली.

त्यानंतर तो रोज बोलायला लागला, आणि रोज थोडं कमी बोलावं लागलं. लेंटच्या उपासांचे दिवस सरत आले तेव्हा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन अंगणाच्या मधोमधपर्यंत येऊ लागला होता. हिकमत तर पायऱ्यांपर्यंत यायचे आणि सुम्माककडे पाठ करून बसायचे. बायकोने नगरपालिकेचा फोन नंबर शोधून ठेवला होता, त्याचं काय झालं म्हणून वदादने एकदा विचारलं. "कसली नगरपालिका?" ते म्हणाले.

वाएल ईस्टरला आला. येताना खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा मोठा डबा आणि आईसाठी मऊ तळांचे बूट घेऊन आला. फाटकाशी तो थबकला. सुम्माकने लांबूनच हवा हुंगली, शेपूट खाली ठेवून, आणि जाऊन भिंतीकडेच्या आपल्या गोधडीवर बसला.

"अरे वा," वाएल म्हणाला. "सुधारला की."

चर्चमधून आल्यावर दोघं अंगणात झाडाखाली बसली. मध्ये छोटं टेबल, त्यावर कॉफीचं भांडं, आणि एका ताटलीत झाडाचेच कोवळे हिरवे बदाम नि मीठ. वाएल लहानपणी खायचा तसेच एकामागून एक बदाम मिठात बुडवून सालासकट खात होता. उस्ताज हिकमत आले, सण मुबारक म्हणाले, मामूल उचलून गेले. वाएलने हे सगळं पाहिलं.

"खरं सांगू, मला विश्वासच नव्हता," तो म्हणाला. "आता सोपं झालं. असा कुत्रा कुणीही ठेवून घेईल. राफतच ठेवेल. आणि तू मोकळी."

"राफत परत आणून देणार होता ना?"

"म्हणजे... तू तिकडे असताना परत कुणाकडे आणणार?"

वदादने कॉफीच्या भांड्याचं झाकण नीट बसवलं. "बासेलकडचं अंगण केवढं आहे रे?"

वाएलच्या हातातला बदाम मिठातच राहिला.

"कुणी सांगितलं तुला?"

"सुम्माकने."

तो आधी खोकला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि इथे फोन नव्हता. "तुझं डोळ्याचं चाललं होतं, यम्मा. तुला कशाला ताप. मला वाटलं, चार गोष्टी शिकून येईल. आलाही. तूच म्हणालीस, शहाणा झालाय."

"म्हणाले खरी."

"मग?"

"आणि या खेपेला? परत आणायचं ठरलं होतं त्याच्याशी?"

वाएलने बोटाच्या टोकाने मिठाची छोटी रास केली, मोडली, पुन्हा केली. बदामाच्या पानांची सावली ताटलीवर हलत होती. रस्त्यावरून कुणाचीतरी मुलं नवे कपडे घालून ओरडत गेली.

"तू बर्फात पडली होतीस," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण घट्ट झाला होता. "मला हिकमतकाकांनी सांगितलं. तू नाही सांगितलंस. मी तिकडे ऑफिसात बसलो होतो आणि इकडे तुला उठवायला येणाऱ्या माणसाला हा... मी काय करायला हवं होतं? रोज रात्री झोपताना मला काय दिसतं, ठाऊक आहे तुला?"

तिला ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. तो पुढे सरकला, टेबलावरून वाकला आणि त्याने तिचा दंड धरला. "ऐक ना माझं. तू इथे एकटी..."

पाण्याचा पंप सुरू झाला.

सुम्माक गोधडीवरून उठला होता. पुढे आला नव्हता. मान खाली, नजर वाएलच्या हातावर, आणि घशातून तो एकसुरी आवाज.

वाएलने दंड सोडला. "माझ्यावर?" तो म्हणाला, आणि वदादला त्याच्या चेहऱ्यावर बाटलीने दूध पाजणारा तो पोरगा दिसला. "माझ्यावर गुरगुरतो हा? गप्प कर ना त्याला."

"नाही," वदाद म्हणाली.

"यम्मा."

"नाही करणार." तिने हात मांडीवर ठेवले. "आणि मी दुबईला येणार नाही, वाएल."

"तू तर म्हणायचीस..."

"बघू म्हणायचे."

"मग आधीच सांगायचं होतंस. मी खोली घेतली. वर्षभर मी... कधीपासून ठरवलंयस हे?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

वाएल तिच्याकडे बघत राहिला, मग कुत्र्याकडे. आवाज थांबत नव्हता. वाढतही नव्हता. बऱ्याच वेळाने वाएलने खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हात लावले आणि न उठता ती मागे सरकवली. फरशीवर खर्र झालं. थोडी. मग सुम्माककडे बघून आणखी थोडी.

अंगण शांत झालं. सुम्माक जागच्या जागी बसला आणि पंजा चाटायला लागला.

"कॉफी गार होतेय तुझी," वदाद म्हणाली.

तिने भांड्यातली गरम कॉफी त्याच्या कपात घातली आणि कप उचलला. वाएल आता टेबलापासून लांब गेला होता. कप त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून तिला खुर्चीतून उठावं लागलं, आणि ती उठली.